बिबट्यांच्या चार थैल्या आणि पादत्राणांचे ४७ जोड

ट्युनिशियातल्या स्मिरात या ठिकाणी जमिनीवर बसवलेले एक मोझॅक, म्हणजे रंगीत खड्यांचे चित्र, सापडले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले हे काम आज सूस शहराच्या संग्रहालयात आहे. त्यात चार शिकारी चार बिबट्यांना भाल्याने भोसकताना दिसतात. प्रत्येक बिबट्याचे नावही बाजूला लिहिलेले आहे: व्हिक्टर, क्रिस्पिनस, लक्झुरियस, रोमानस. मधोमध एक तरुण हातात तबक धरून उभा आहे. तबकात चार थैल्या आहेत आणि प्रत्येक थैलीवर हजाराची खूण आहे.

चित्राच्या दोन्ही बाजूंना रंगीत खड्यांनी लिहिलेला मजकूर आहे. एकीकडे दवंडीवाला विचारतो की या शिकाऱ्यांना दर बिबट्यामागे ५०० देनारी (रोमन चांदीची नाणी) कोण देणार? दुसरीकडे गर्दीचा आरडाओरडा आहे. मजेरियस नावाचा धनिक पुढे होतो आणि मागितल्याच्या दुप्पट रक्कम मोजतो. लोक बेभान होतात आणि ओरडतात, ‘याला म्हणतात श्रीमंती, याला म्हणतात ताकद!’ आणि तो जल्लोष मजेरियसने पायाखालच्या जमिनीत कायमचा बसवून घेतला.

यात दानधर्म कुठे आला, असे आपल्याला वाटते. जनावरे मारण्याच्या खेळावर उधळलेल्या पैशाला आपण दान म्हणणार नाही. पण मजेरियसच्या काळातल्या माणसाला हे अगदी सरळ दातृत्व वाटत होते. मधल्या काळात नेमके काय बदलले, ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

ग्रीक भाषेत ‘युएर्गेतीस’ म्हणजे भले करणारा, उपकारकर्ता. इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीने तर हे बिरुदच लावून घेतले होते. त्याच्याही आधी अथेन्समध्ये श्रीमंतांवर पाळीपाळीने खर्च येत असे. एकाने नाट्योत्सवातल्या गायकवृंदाचा भार उचलायचा, दुसऱ्याने वर्षभर एक युद्धनौका सांभाळायची. पुढे ग्रीक आणि रोमन जगातल्या शेकडो नगरांत याचीच रीत पडली. स्नानगृह, जलवाहिनी, नाट्यगृह, सणाची मेजवानी, दिव्यासाठी आणि अंगाला लावायला तेल, असा खर्च गावातली बडी घराणी करत. नगर त्यांना पुतळा, समारंभात पुढची जागा आणि दगडात कोरलेला ठराव देई. कायद्याने हा कर नव्हता, पण हात आखडता घेणाऱ्याला गावात तोंड दाखवणे अवघड जाई. लॅटिन शिलालेखांत एक शब्दप्रयोग इतक्या वेळा येतो की त्याची आद्याक्षरे लिहिली तरी भागत असे: ‘सुआ पेकुनिया’, म्हणजे ‘स्वतःच्या पैशाने’.

या मंडळींकडे केवळ बडेजाव करणारे म्हणून पाहणे मला पटत नाही. इ. स. १००च्या आसपासचा रोमन सिनेटर आणि पत्रलेखक धाकटा प्लिनी याचे उदाहरण घ्या. उत्तर इटलीतल्या कोमो या आपल्या गावी त्याने ग्रंथालय बांधले आणि त्याच्या देखभालीसाठी १ लाख सेस्टर्स (हेही रोमन नाणे) वेगळे ठेवले. मृत्युपत्रात स्नानगृहाची तरतूद केली. गावातल्या मुलामुलींच्या पालनपोषणासाठी ५ लाखांचा निधी दिला. त्या काळी रोमन सैनिकाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत, त्यावरून या आकड्यांचा अंदाज येईल. निधी देण्याची त्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. रोकड नगराच्या हाती दिली तर ती खाल्ली जाईल, हे तो जाणून होता. म्हणून त्याने आपली जमीन नगराच्या नावे केली आणि वर्षाला ३० हजारांच्या खंडाने स्वतःच परत कसायला घेतली. जमिनीची किंमत खंडाच्या मानाने बरीच जास्त, त्यामुळे पुढेही कोणी ना कोणी ती खंडाने घेत राहील, असा त्याचा हिशोब होता. गावात शिक्षक नाही म्हणून मुले मिलानला जातात, हे कळल्यावर त्याने पगाराचा तिसरा हिस्सा देऊ केला. सगळा पगार त्याने मुद्दामच देऊ केला नाही. पालकांचा स्वतःचा पैसा गुंतला की ते शिक्षक नीट पारखून निवडतील, असे त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. लोक खेळ आणि ग्लॅडिएटर मागतात, मी मुलांच्या पोषणाला देतो, हेही त्याने अभिमानाने नोंदवले आहे.

आजच्या तुर्कस्तानातल्या लिकिया प्रांतात ओप्रामोआस या धनिकाने इ. स. १४१च्या भूकंपानंतर आसपासच्या कितीतरी नगरांना पैसा पुरवला. त्याच्या समाधीच्या भिंती या देणग्यांच्या आणि मिळालेल्या मानसन्मानांच्या नोंदींनी भरलेल्या आहेत.

हे सगळे देणे खरे होते, माझा प्रश्न ते कोणाला मिळत होते याचा आहे. त्याच भागातल्या सिल्लिओन नगरातल्या मेनोदोरा या बाईंच्या देणगीचे शिलालेख यावर लख्ख प्रकाश टाकतात. नगरसभेच्या सदस्याला सर्वांत मोठा वाटा, ज्येष्ठांच्या मंडळाला त्याखालोखाल, मग सामान्य नागरिक आणि तळाला गुलामीतून मुक्त झालेले. ज्याच्या घरात आधीच भरपूर होते त्याच्या पदरात जास्त पडले. रोममध्ये फुकट धान्य मिळे, त्याची यादी ऑगस्टसने सुमारे २ लाखांवर आणून ठेवली. त्या यादीत नाव येण्यासाठी भूक हा निकष नव्हता, रोमचा नागरिक असणे हा निकष होता. इटलीतल्या वेलेया गावी सापडलेल्या काशाच्या पत्र्यावर सम्राट ट्रेजनच्या बालपोषण योजनेचा हिशोब आहे. औरस मुलगे २४५, दरमहा १६ सेस्टर्स. औरस मुली ३४, दरमहा १२. एक अनौरस मुलगा, त्याला १२. एक अनौरस मुलगी, तिला १०. जमिनी तारण ठेवून दिलेल्या साडेदहा लाखांच्या आतबाहेरच्या कर्जांवरचे पाच टक्के व्याज बरोबर एवढ्या वाटपाला पुरत होते. योजना चोख होती. पण यादीत २४५ला ३४ हे प्रमाण आले, म्हणजे किती मुली बाहेर राहिल्या असतील, हा विचार काही केल्या मनातून जात नाही.

कंगाल माणसाला यातले काहीच मिळत नव्हते असे नाही. जलवाहिनीचे पाणी गुलामही पीत होता. पण ‘गरीब’ या नावाने त्याची कोणी मोजदाद करत नव्हते. देणारा नगराला देत होता आणि नगर म्हणजे नागरिक.

(याच सुमारास आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर दात्यांची नावे कोरली जात होती, आणि त्यांत धेनुकाकट गावचे यवनही, म्हणजे ग्रीक म्हणून ओळखले जाणारे लोकही, होते. नाव कोरण्याची हौस दोन्ही किनाऱ्यांवर होती, पण इथे ते दान भिक्षुसंघाला होते, नगराला नव्हे. तो वेगळा विषय आहे.)

भुकेल्याला देणे हे देवाचे देणे आहे, हा विचार ख्रिस्ती लोकांनी शोधून काढला नाही. तो त्यांना ज्यूंकडून मिळाला. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असे लेवीयच्या पुस्तकात सांगितले आहे. विधवा, अनाथ आणि उपरा ही तीन नावे ज्यू धर्मग्रंथांत पुन्हा पुन्हा एकत्र येतात. तिघांचेही नगरात कोणी नसते.

येशूची शिकवण याच मातीतली. लूकच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांना सांगतो की इतर राष्ट्रांचे राजे लोकांवर सत्ता गाजवतात आणि स्वतःला ‘युएर्गेतीस’ म्हणवून घेतात. तुमचे तसे नसावे. ग्रीक वाचणाऱ्याला हा शब्द तेव्हा कसा लागला असेल! चौकातल्या प्रत्येक पुतळ्याखाली तोच शब्द होता. मत्तयच्या शुभवर्तमानात तर दान करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका, असा स्पष्ट आदेश आहे. आणि मंदिराच्या दानपेटीत दोन कवड्यांच्या मोलाची नाणी टाकणारी विधवा सर्व श्रीमंतांपेक्षा मोठी दाती ठरते. जुन्या व्यवस्थेत तिला दाती होण्याची सोयच नव्हती.

इ. स. २००च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन आपल्या लोकांची पद्धत सांगतो. ज्याला जमेल त्याने महिन्यातून एकदा, जमेल तेवढे नाणे टाकायचे. सक्ती नाही. तो पैसा मेजवान्यांवर जात नाही. तो गरिबांना जेवू घालायला आणि मूठमाती द्यायला, आईबाप नसलेल्या मुलामुलींना, म्हाताऱ्या झालेल्या घरगड्यांना, जहाज फुटून उघड्यावर आलेल्यांना, खाणीत आणि तुरुंगात धर्मासाठी डांबलेल्यांना जातो. ही वर्गणी होती, थोड्याथोड्याची. आणि ती लवकरच मोठी झाली. इ. स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात लिहितो की त्याची मंडळी १,५०० हून अधिक विधवांना आणि अडल्यानडल्यांना पोसते. तेव्हा हा धर्म अजून सरकारच्या मर्जीत नव्हता, उलट मार खात होता.

या साऱ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो एक जप्तीचा पंचनामा. उत्तर आफ्रिकेतले किर्ता, म्हणजे आजच्या अल्जीरियातले कॉन्स्टंटाइन शहर. तारीख १९ मे ३०३. सम्राट डायोक्लेशियनच्या हुकमाने नगराचा अधिकारी मुनातियस फेलिक्स ख्रिस्ती लोक जमत त्या घरावर येतो. कारकून एकेक वस्तू लिहून घेतो. सोन्याचे दोन पेले, चांदीचे सहा, दिवे, समया. आणि मग: बायकांचे झगे ८२. ओढण्या ३८. पुरुषांचे झगे १६. पुरुषांच्या पादत्राणांचे १३ जोड. बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड.

हा बहुधा वाटपासाठी जमवलेला साठा होता. पुरुषांच्या १३ जोडांपुढे बायकांचे ४७ हा आकडा पाहिला की तर्तुलियनची आणि कॉर्नेलियसची वाक्ये डोळ्यांसमोर उभी राहतात. विधवांची यादी कोणीतरी ठेवली होती, त्यांच्या पायांचा विचार कोणीतरी केला होता. फेलिक्स स्वतः नगराचा पुरोहित होता, म्हणजे ज्या वर्गातून नगराचे दाते येत त्याच वर्गातला. त्याच्या हाताखाली ही यादी झाली. वस्तू गेल्या; पंचनामा पुढे एका खटल्याच्या कागदपत्रांत राहून वाचला.

मात्र एक रीत संपली आणि दुसरी सुरू झाली, असे काही घडले नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन श्रीमंत ख्रिस्ती लोकांना देण्याचे आवाहन करतो तेव्हा उपमा खेळांचीच वापरतो: तुमचे दान हाही एक खेळ आहे, फक्त प्रेक्षकांच्या जागी देव बसला आहे. शेजारच्या नुमिदिया प्रांतातल्या कैद्यांच्या सुटकेसाठी त्याने १ लाख सेस्टर्स जमवून पाठवले, आणि सोबत देणाऱ्यांची नावेही पाठवली. त्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणून. दात्याचे नाव अजूनही महत्त्वाचे होते, फक्त ते आता वेगळ्या ठिकाणी पोचवायचे होते.

चौथ्या शतकात सम्राट ख्रिस्ती झाले, चर्चला मृत्युपत्राने मालमत्ता घेता येऊ लागली आणि बिशपच्या हाती मोठा पैसा आला. नगरांचे जुने दाते त्याआधीच आटत चालले होते. तिसऱ्या शतकातली युद्धे, नाण्यांची घसरण आणि वाढते कर यांमुळे नगरसभेतली जागा मानाची न राहता जोखड झाली होती. पोकळी होती, ती बिशपांनी भरली.

कप्पदोकियातला (आजच्या मध्य तुर्कस्तानातला) बिशप बासिल हा त्यांतला सर्वांत मोठा माणूस, स्वतः जमीनदार घराण्यातला. ३६९च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा कोठारे बंद करून बसलेल्यांना तो प्रवचनात म्हणाला: तू धरून ठेवलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा आहे, तुझ्याकडे कुजत पडलेली पादत्राणे अनवाणी माणसाची आहेत. ‘तुझ्या पैशाने’ या कल्पनेवरच त्याने घाव घातला. जे तू देतोस ते तुझे नव्हतेच. मग त्याने कैसरिया शहराबाहेर आजाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी एक वसतीच उभारली. तिथे वैद्य होते, सेवक होते, कामाच्या खोल्या होत्या. त्याचा मित्र ग्रेगरी त्याच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात म्हणतो, शहराबाहेर थोडे चालत जा आणि हे नवे नगर बघा. पिरॅमिड आणि बाबिलोनच्या भिंती यांच्यापेक्षा त्याला ते मोठे वाटते. ‘नवे नगर’ हा शब्द त्याने जपून निवडला असावा. जुन्या नगराने ज्या कुष्ठरोग्यांना वेशीबाहेर काढले, तेच या नगराचे रहिवासी होते.

विरोधकांनाही हे दिसत होते. सम्राट जुलियन जुन्या देवांना परत आणू पाहत होता. ३६२ मध्ये गलातियाच्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ज्यूंमध्ये कोणी भीक मागत नाही, आणि हे गालीलवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. त्यावर उपाय म्हणून त्याने नगरोनगरी धर्मशाळा बांधायला सांगितले आणि ३० हजार मोदी (धान्याचे रोमन माप) गहू वर्षाला मंजूर केला.

तरी टाळ्या आणि जयजयकार थांबले नाहीत. अंत्युखिया (अँटिऑक) शहराचा ख्रिस्ती प्रवचनकार ख्रिसोस्तोम ३८०-९०च्या दशकांतले नाट्यगृह रंगवतो: दाता आत येतो, लोक उठून उभे राहतात, त्याला दानाची नाईल नदी म्हणतात, दुसरे ओरडतात, नदी कसली, महासागर! ख्रिस्ती शहरातले हे दृश्य आहे. रोममध्ये सिनेटर सिम्माकसने मुलाच्या पदग्रहणाच्या खेळांवर २,००० पौंड सोने खर्चले. त्याच्या चार-पाच वर्षे आधी, ३९६ मध्ये, सिनेटर पम्माकियसने बायकोच्या मृत्यूनंतर संत पेत्रच्या मंदिरात शहरातल्या भिकाऱ्यांना पंगतीला बसवले होते. दोघे एकाच वर्गातले, एकाच शहरातले. पंगतीचे वर्णन वाचताना जाणवते की तिथेही गर्दी आहे, जयघोष आहे, दाता मधोमध आहे. पण पानावर बसलेला माणूस बदलला आहे.

नव्या पद्धतीचीही एक किंमत होती, तीही सांगायला हवी. नागरिक आपला वाटा हक्काने मागत होता, नाही मिळाला तर दंगा करत होता. गरिबाला हात पसरावा लागे. देणाऱ्याला आपल्या पापांची क्षमा हवी होती, त्यासाठी गरीब गरीबच राहणे जणू सोयीचे होते. आणि गरिबांचा कैवारी म्हणून बिशपचे वजन सुभेदारासमोरही वाढत गेले.

इटलीच्या ईशान्येला अक्विलेया येथे चौथ्या शतकातल्या चर्चची मोझॅकची जमीन अजून टिकून आहे. त्यात दात्यांनी किती फूट जमिनीचा खर्च उचलला ते लिहिले आहे. यानुआरियस नावाच्या कोणा एकाने ८८० फूट दिले. नाव आहे, आकडा आहे, सगळे मजेरियसच्या काळासारखेच. फक्त जिथे ‘सुआ पेकुनिया’ यायचे तिथे ‘दे देई दोनो’ लिहिले आहे: देवाने दिलेल्यातून.