बॉनेटचं वजन नेमकं कुठे असतं?

गाडीचं बॉनेट उघडून दांडीवर टेकवा आणि खालून बघा. वरच्या गुळगुळीत पत्र्याच्या पोटाशी दुसरा पत्रा असतो. दाबून उंचवटे काढलेला, मोठमोठी भोकं पाडलेला. दोन्ही पत्रे कडेला मुडपून एकमेकांत अडकवलेले, आणि मध्ये जागोजागी रबरासारख्या चिकट पदार्थाचे ठिपके. वरचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीचा. वेगात वाऱ्याने तो थडथडू नये म्हणून खाली हा सगळा खटाटोप.

"फायबरचं बॉनेट टाका, गाडी हलकी होईल, पळेल," हा सल्ला ठाण्यात कुठल्याही मॉडिफिकेशनवाल्याकडे फुकट मिळतो. हलकी किती होईल, हे मात्र कुणी वजनकाट्यावर ठेवून दाखवत नाही.

आपण कागदावर बघू. ०.७ मिलिमीटरचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा साडेपाच किलो भरतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे दोन तृतीयांश वजन वाचायला हवं. तसं होत नाही, कारण ॲल्युमिनियमचा ताठपणाही तिसराच हिस्सा. तेवढ्याच जाडीचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जाईल. इथे भूमिती मदतीला येते. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, जाडी दुप्पट केली की विरोध आठपट. त्यामुळे ॲल्युमिनियम तिप्पट जाड करावं लागत नाही, एक मिलिमीटर पुरतं. वजन २.७ किलो, म्हणजे निम्मं. फोर्डने २०१५च्या एफ-१५० पिकअपला ॲल्युमिनियमची बॉडी दिली, फ्रेमला जास्त मजबूत पोलाद वापरलं आणि कमाल ३२० किलोच्या आसपास वजन उतरवलं.

आता फायबर, म्हणजे काचतंतूंची मॅट आणि तिला घट्ट धरणारा चिकट द्रव, म्हणजे रेझिन. ते पोलादापेक्षा कितीतरी लवचीक, पण हलकंही बरंच. हिशेबाने दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडी पुरते आणि वजन तीन किलोच्या आसपास येतं. अडचण हाताच्या कामात आहे. साच्यावर मॅट पसरून ब्रशने रेझिन चोपडताना कारागीर सावधगिरी म्हणून एक थर जास्तच देतो. जाडी तीन मिलिमीटरवर गेली की वजन साडेचार किलोच्या घरात. वर खड्डे भरायला पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. साडेपाचातली बचत तिथेच संपते. कार्बन फायबर खरंच तिसऱ्या हिश्शात काम भागवतं, पण त्याची किंमत ऐकून हौस उतरते.

समजा, बॉनेटबरोबर बाकीचे पत्रेही बदलले, सगळं नीट जमलं आणि हजार किलोच्या गाडीतून वीस किलो गेले. गाडी शून्यावरून ताशी ४० किलोमीटरवर न्यायला सुमारे ६२ किलोज्यूल ऊर्जा लागते. इंजिनाची कार्यक्षमता धरली तर आठ-नऊ मिलिलीटर पेट्रोल. दोन टक्के वजन घटलं की त्यातलं ०.१७ मिलिलीटर वाचतं. घोडबंदर रोडला पन्नास वेळा थांबून निघालात, तरी दोन चमचेसुद्धा भरत नाहीत. पलीकडे नवी मुंबईत पाम बीच रोडवर एका वेगाने जाताना तर वजनाचा वाटा आणखी घटतो, तिथे हवेचा विरोध जास्त खातो. लाखो गाड्या बनवणाऱ्या कंपनीला आणि सेकंदाच्या अंशासाठी धडपडणाऱ्या रेसरला हे वीस किलो मोलाचे आहेत. ऑफिसला जाणाऱ्याने पेट्रोल वाचवायला बॉनेट बदलू नये, असं माझं स्पष्ट मत.

रेसरसुद्धा किती किलो यापेक्षा कुठले किलो हे आधी बघतो. बीएमडब्ल्यूने २००३च्या एम३ सीएसएलला कार्बन फायबरचं छप्पर दिलं. उंचावरचं वजन गेलं की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी कलते.

वजन कमी करण्याचा स्वस्त मार्ग आकारात आहे. दारावरून जाणारी ती धारदार रेघ नुसती नखऱ्यासाठी नसते. कारखान्याच्या छपराचा पन्हाळी पत्रा जसा सपाट पत्र्यापेक्षा ताठ, तशीच ती घडी पातळ पत्र्याला ताठ करते. काही पोलादी पत्रे तर रंग पक्का करण्याच्या भट्टीत, १७० अंशांच्या आसपास, आणखी मजबूत होतात.

बॉनेटच्या आतल्या पत्र्यात मुद्दाम ठेवलेल्या कमजोर जागाही असतात. समोरून धडक बसली की बॉनेट तिथेच दुमडून वर उठतं, काचेत घुसत नाही. गल्लीतल्या साच्यात ही घडी उतरत नाही. शिवाय कायदा आहे: परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

ॲल्युमिनियमचा पत्रा लावलाच, तर बोल्टकडे लक्ष ठेवा. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. मध्ये नायलॉनचा वॉशर नसेल, तर पहिल्या काही पावसाळ्यांतच बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि रंग फुगतो.