डायलिसिसवरच्या रुग्णाचे हृदय कसे तपासावे?

डायलिसिस सुरू झाले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर खिळते. या रुग्णांच्या जिवाला सर्वात मोठा धोका मात्र हृदयाचा असतो. रॉबर्ट फोली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा डायलिसिसवरच्या २५ ते ३४ वर्षांच्या तरुणांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ऐंशीच्या घरातल्या सर्वसामान्य माणसांइतके आढळले.

मग हा धोका मोजायचा कसा? वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांवरून काढलेला नेहमीचा अंदाज इथे फार कमी पडतो. कोलेस्टेरॉलचेच पाहा. जर्मनीत १,२५५ मधुमेही डायलिसिस रुग्णांवर झालेल्या ‘फोर डी’ आणि २,७७६ रुग्णांवरच्या ‘ऑरोरा’ या दोन्ही चाचण्यांत स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने कोलेस्टेरॉल चांगले उतरले, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णाला स्टॅटिन नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावे, असा सल्ला ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांवर मार्गदर्शक सूचना देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये दिला. चालू गोळी परस्पर बंद करू नका.

याचे कारण असे की इथला आजार केवळ चरबीने चोंदलेल्या धमन्यांचा नसतो. सततचा रक्तदाब आणि अंगात साठणारे पाणी यांमुळे हृदयाचा डावा कप्पा जाडजूड आणि ताठर होतो. रक्तात फॉस्फरस वाढला की धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसू लागते, तेही ऐन तारुण्यात. २००० सालच्या एका अभ्यासात डायलिसिसवरच्या २० ते ३० वर्षांच्या १६ जणांपैकी १४ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम सापडले. अन्नातला फॉस्फरस रक्तात जाऊ न देणारी, जेवणाबरोबर घ्यायची फॉस्फेट बाइंडरची गोळी कंटाळून सोडून देणारे अनेक असतात. त्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

तपासण्यांमध्ये पहिला मान टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा. डायलिसिस सुरू झाल्यावर रुग्ण ड्राय वेटला (अंगातले जादा पाणी निघून गेल्यावरच्या वजनाला) पोहोचला की, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत, इको करावा. अंगात तीन-चार लिटर पाणी असताना केलेल्या इकोत कप्पे फुगलेले दिसतात आणि निष्कर्ष चुकतो, म्हणून डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी केलेला बरा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची गोष्टही वेगळी आहे. या रुग्णांत तो एरवीही वाढलेला असू शकतो. त्यामुळे एका आकड्यावरून झटका आला असे म्हणता येत नाही. काही तासांनी पुन्हा तपासून तो चढतो आहे का, हे पाहावे लागते. मात्र कायम चढा राहणारा ट्रोपोनिन पुढच्या धोक्याची सूचना देतो, हेही तितकेच खरे. छातीत दुखलेच पाहिजे असेही नाही, विशेषतः मधुमेह असेल तर. दम लागणे किंवा डायलिसिस चालू असताना वारंवार बीपी पडणे हीसुद्धा हृदयाची तक्रार असू शकते.

मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते दोन डायलिसिसमधले अंतर. ३२,०६५ रुग्णांच्या २०११ च्या अमेरिकी अभ्यासात, आठवड्यातल्या मोठ्या, दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांमागे वर्षाला, या हिशेबाने) २२.१ मृत्यू होते, इतर दिवशी १८. हे आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांचे आकडे. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण दोनदाच येतात. महाराष्ट्रात जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत मिळत असले, तरी गावाहून येण्याचे भाडे आणि बुडणारी मजुरी रुग्णाच्याच माथी असते. मधल्या दिवसांत पाणी साठते, पोटॅशियम चढते आणि हृदयाची लय बिघडते. अमेरिका व भारतातल्या ६६ रुग्णांच्या त्वचेखाली लय नोंदवणारे छोटे यंत्र सहा महिने ठेवले, तेव्हा ठोके अतिजलद होण्यापेक्षा अतिमंद होण्याचेच प्रसंग जास्त आढळले.

म्हणून जोखीम तपासताना इकोच्या रिपोर्टशेजारी वजनाची वहीही ठेवावी. ताशी, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरहून अधिक वेगाने डायलिसिसमध्ये पाणी काढलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे चार तासांत साधारण ३ लिटर. दर वेळी वजन त्याहून जास्त वाढून येत असेल, तर मीठ कमी करण्याबरोबरच मशीनवर अर्धा-एक तास जास्त बसता येईल का, हे नेफ्रॉलॉजिस्टना विचारा.