तेलाचा चमचा आणि नऊचा आकडा

वजन कमी करायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड तेलावर पडते. ग्रॅममागे नऊ कॅलरी, म्हणजे प्रथिनं किंवा पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून जास्त. पण नऊचा आकडा फक्त 'किती' हे सांगतो. 'कोणतं' या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या प्रयोगशाळांत आणि बरंच उशिरा मिळालं. मधल्या काळात दोन्ही प्रश्नांची सरमिसळ झाली. म्हणूनच आजही काहीजण चांगलं तेलसुद्धा भीत भीत वापरतात, तर काहीजण 'हे आरोग्याला चांगलं' म्हणून मोजायचंच सोडून देतात. दोन्ही चुकांचं मूळ या इतिहासात आहे.

१८८०च्या दशकात जर्मनीत मॅक्स रुबनर यांनी अन्नातल्या ऊर्जेचं मोजमाप पक्कं केलं. पुढे अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात तांब्याच्या भिंतींची एक बंद खोली उभारली. आत झोपायला आणि बसायला जेमतेम जागा. माणूस तिथे काही दिवस राहायचा, जेवण झडपेतून आत जायचं आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता, श्वासातला वायू, विष्ठा, सगळं मोजलं जायचं. खाल्लेल्यातून वाया गेलेलं वजा करून जे हाती आलं, त्यातून ४-९-४ हे सूत्र तयार झालं: प्रथिनं चार, मेद नऊ, पिष्टमय पदार्थ चार. जगभरच्या पाकिटांवरच्या तक्त्यांत आजही मुख्यतः तेच वापरतात.

अ‍ॅटवॉटर यांना कोणाला बारीक करायचं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कामगार कुटुंबाला थोड्या पैशांत पुरेशी ऊर्जा कशी मिळेल, ही त्यांची चिंता होती. त्या हिशेबात मेद हा गुन्हेगार नव्हे, उलट स्वस्तातला ठेवा होता. आकडा उलटा वापरायची रीत रुळली ती १९१८ नंतर. कॅलिफोर्नियाच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी त्या वर्षी कॅलरी मोजून वजन उतरवण्याचं पुस्तक लिहिलं आणि ते तुफान खपलं. पदार्थ तुकड्यांत नव्हे तर कॅलरीत मोजा, असं त्या शिकवत. तेव्हापासून नऊचा आकडा तेलाला चिकटला तो चिकटलाच.

मेद मुळात लागतो का, हे मात्र १९२९ साली उंदरांनी सांगितलं. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना मेद पूर्ण काढून टाकलेलं अन्न दिलं. तोवर समज असा होता की शरीर हवा तेवढा मेद स्वतः बनवतं. पण त्या उंदरांची कातडी खवल्यांसारखी झाली, शेपट्या सडू लागल्या, मूत्रपिंडं बिघडली. आणि आहारात अगदी थोडा मेद परत येताच ते सुधारू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी लिनोलिक आम्ल अत्यावश्यक असल्याचं दाखवलं. हे आम्ल वनस्पती तेलांत भरपूर असतं आणि शरीराला ते बनवता येत नाही. कॅलरीच्या वहीत या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

त्याच सुमारास बाजार भलत्याच दिशेने निघाला होता. विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली द्रव तेल घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. असं घट्ट केलेलं तेल टिकाऊ आणि स्वस्त असायचं, पण त्यात ट्रान्स फॅट (हृदयाला घातक ठरणारा मेदाचा एक प्रकार) तयार होत. १९६१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद (तूप-लोण्यात जास्त असतो तो) कमी करून त्याजागी वनस्पती तेलं वापरायला सांगितलं. सल्ला 'कोणतं' याबद्दल होता, लोकांच्या कानावर मात्र 'कमी' एवढंच पडलं. १९८० नंतर 'लो फॅट'ची लाट आली. मेद काढून साखर आणि मैदा भरलेली पाकिटं पथ्याची म्हणून खपली, आणि ट्रान्स फॅटचा धोका १९९०च्या डच संशोधनानंतरच ठळक झाला. डेन्मार्कने २००३ साली त्यावर कायद्याने मर्यादा घातली.

स्पेनमधल्या आहारावरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले आणि २०१८ साली दुरुस्त करून पुन्हा छापले गेले. त्यातल्या एका गटाला भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल दिलं होतं. त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात यांसारखे आजार तुलनेने कमी दिसले आणि वजनही वाढलं नाही. पण यातून 'चांगलं तेल कितीही चालतं' असा अर्थ काढू नये. त्या लोकांचा सगळा आहारच बदलला होता.

कॅलरीच्या बाबतीत ऑलिव्ह, सूर्यफूल, शेंगदाणा, मोहरी सगळी तेलं सारखीच. 'लाइट' लिहिलेलं ऑलिव्ह तेल फक्त चवीला हलकं असतं. पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं, म्हणजे सुमारे ४० कॅलरी. दिवसाला १५०० कॅलरी ठरवल्या आणि त्यातल्या ३० टक्के मेदाला दिल्या तर ५० ग्रॅम होतात. दूध, अंडी, सुकामेवा यांतला मेद त्यातच धरावा लागतो. तरीही तीन-चार चमचे चांगलं तेल सहज बसतं, आणि ते बसवावंच. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं मेदाशिवाय नीट शोषली जात नाहीत. २००४ च्या एका प्रयोगात मेदविरहित ड्रेसिंग घातलेल्या सॅलडमधून कॅरोटिनॉइड, म्हणजे भाज्यांतली पिवळी-केशरी रंगद्रव्यं, जवळजवळ शोषलेच गेले नाहीत.

मी एकदा रिकामं पॅन वजनकाट्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि रोजच्या हाताने बाटलीतून तेल ओतलं. काट्यावर १४ ग्रॅम आले. वहीत ते कित्येक महिने 'एक चमचा, ४०' असं लिहिलं जात होतं. आता बाटलीच्या गळ्यातच मापाचा चमचा अडकवलेला असतो.