दोन तासांच्या अंतराने भागत नाही

‘दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेव, काही होत नाही.’ हा सल्ला देणारे घरोघरी असतात, आणि तो सपशेल चूक नाही. अँटासिडमधलं अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला पोटातच जखडून टाकतं, मग ते रक्तात शिरतच नाही. अशा वेळी दोघांची गाठ पडू न देणं हा उपाय झाला. पण औषधांची बरीचशी भांडणं एन्झाइमवरून, म्हणजे शरीरात रासायनिक बदल घडवणाऱ्या प्रथिनांवरून, होतात आणि तिथे घड्याळ फार सावकाश चालतं.

कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध अल्कोहोलबरोबर घेतल्यास काय होतं ते पाहत होते. अल्कोहोलची चव कळू नये म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूट या संत्र्याच्या जातकुळीतल्या कडसर फळाचा रस वापरला. रक्तातलं फेलोडिपिन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरलं, आणि नुसता रस घेतल्यावरसुद्धा तेच! 1989 साली हे प्रसिद्ध झालं.

फेलोडिपिन गिळलं तर साधारण 15 टक्केच शाबूत रक्ताभिसरणात पोचतं. उरलेल्याची वासलात आतड्याचं अस्तर आणि यकृत लावतात. गोळीवरचा मिलिग्रॅमचा आकडा ही नासाडी गृहीत धरूनच ठरलेला असतो. अस्तरातल्या पेशींत या कामाला सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या गाभ्यात हिमोग्लोबिनसारखाच हीमचा लोहअणू बसलेला असतो. त्याच्या जोरावर ते समोर येईल त्या रेणूला ऑक्सिजन चिकटवतं. ग्रेपफ्रूटमधल्या बर्गामोटिनसारख्या, फ्युरानोकुमारिन नावाच्या रसायनांवरही ते इमानेइतबारे हाच प्रयोग करतं. आणि इथेच फसतं. त्यातून तयार होणारा रेणू इतका तापट असतो, की बाहेर पडण्याआधीच तो एन्झाइमला कायमचा चिकटतो. म्हणजे एन्झाइम आपल्या हाताने बनवलेल्या विषानेच मरतं. मला हा प्रकार भलताच आवडतो.

मेलेलं एन्झाइम परत उठत नाही. पेशींना नवं बनवावं लागतं आणि त्यात एक ते तीन दिवस जातात. सकाळी रस आणि रात्री गोळी, तरी परिणाम होतोच. पुरावाही छान आहे: तेच फेलोडिपिन शिरेतून दिलं तर रसाचा फारसा फरक पडत नाही, कारण आतड्याचं अस्तर वाटेत लागतच नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की बर्गामोटिन कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही.

क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन नेमकं उलट करतं. पीएक्सआर नावाच्या प्रथिनामार्फत ते पेशीला सीवायपी3ए4 आणि त्याची भावंडं असलेली एन्झाइम्स जादा बनवायला लावतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ ठरू शकते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिनही भराभर संपतं, म्हणून डॉक्टर त्याचा डोस वाढवतात. पुढे रिफॅम्पिसिनचा कोर्स संपतो. जादा एन्झाइम्स पुढच्या दोनेक आठवड्यांत हळूहळू ओसरतात, पण वॉरफरिनचा डोस तसाच वाढलेला राहिला तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि तोही रुग्ण दोनपैकी एकच औषध घेत असताना.