इग्निशन बॉक्स, जुन्या स्पोर्ट्स कारमधला

इग्निशन बॉक्स : जुन्या पेट्रोल गाडीत पॉइंट (इंजिनासोबत उघड-मीट होणारा छोटा स्विच) आणि कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज ठिणगीइतके वाढवणारे वेटोळे) यांच्यामध्ये बसवायची इलेक्ट्रॉनिक पेटी. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ती दिलेली नसते, मालक बाहेरून घेऊन लावतो. कॉइलला लागणारा विजेचा झटका ती स्वतः तयार करते आणि पॉइंटकडे फक्त ‘आता’ एवढा इशारा देण्याचे काम उरते. एमजी, ट्रायम्फ यांसारख्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग असलेल्या) इंग्रजी गाड्यांत ती प्रामुख्याने बसवतात. एमएसडी या अमेरिकी कंपनीची ‘एमएसडी ६ए’ ही यातली बहुधा सर्वांत ओळखीची पेटी. ‘६एएल’मध्ये इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटरही असतो.

पॉइंट आणि कॉइलने ठिणगी पाडण्याची मूळ पद्धत अमेरिकी इंजिनिअर चार्ल्स केटरिंग यांची. ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. केटरिंग यांच्या कंपनीचे नाव डेल्को, आणि आपल्याकडचे जुने मेकॅनिक आजही डिस्ट्रिब्युटरला (पॉइंट ज्यात असतात आणि जो ठिणगीची वीज प्रत्येक प्लगला वाटतो तो भाग) ‘डेल्को’च म्हणतात. या पद्धतीत पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये करंट भरतो आणि पॉइंट उघडताच तो तुटून प्लगवर ठिणगी पडते. अडचण वेळेची आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाला ६००० आर.पी.एम.ला (मिनिटाला ६००० फेरे) सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला ५ मिलिसेकंद. त्यातले जेमतेम ३ मिलिसेकंद पॉइंट मिटलेले असतात. तेवढ्यात जुनी कॉइल पुरती भरत नाही, म्हणून फेरे वाढले की ठिणगी दुबळी होते. शिवाय सगळा करंट पॉइंटवरूनच जात असल्याने ते जळून काळे पडतात आणि मग पॉलिश पेपर घेऊन बसावे लागते.

पेटी बॅटरीच्या १२ व्होल्टचे ४५० व्होल्टच्या पुढे नेते, ते कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) साठवते आणि इशारा मिळताच एका दमात कॉइलमध्ये सोडते. ही कल्पना स्पोर्ट्स कारला नवी नाही. पोर्शने १९६९ च्या ९११ मध्ये बॉशची अशी पेटी कारखान्यातूनच दिली होती. अशा ठिणगीचा दोष एकच, ती क्षणभरच टिकते. म्हणून एमएसडीसारख्या पेट्या सुमारे ३००० आर.पी.एम.च्या खाली एकाच स्ट्रोकमध्ये एकामागून एक अनेक ठिणग्या देतात. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) २० अंश फिरेपर्यंत हा मारा चालू राहतो. हजार आर.पी.एम.ला २० अंश फिरायला ३.३ मिलिसेकंद लागतात, एवढ्यात दोन-तीन ठिणग्या सहज पडतात.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला किंवा माजिवड्याच्या सिग्नलला अर्धा तास रांगेत उभी राहिलेली जुनी गाडी पाहिली की या कमी फेऱ्यांच्या माऱ्याचे महत्त्व पटते. कार्ब्युरेटर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू असताना) जरा श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचे, मिश्रण देतो, प्लगवर काजळी धरते आणि रांग हलली की गाडी मिसिंग मारू लागते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकते. काजळी ही विजेला पळवाट असते. पॉइंटच्या पद्धतीत व्होल्टेज सावकाश चढते, त्यामुळे ठिणगी पडण्याआधीच बरीच वीज काजळीतून झिरपून जाते. पेटीचे व्होल्टेज सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास शिखर गाठते आणि झिरपायला सवडच राहत नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते तेव्हाही हाच वेग उपयोगी पडतो. मात्र टोपीला बारीक तडा असेल तर वाढलेले व्होल्टेज आधी तो तडा शोधते. म्हणून पेटीबरोबर टोपी, रोटर (टोपीच्या आत फिरणारा तुकडा) आणि प्लगच्या वायरी नव्या घ्याव्यात. यात काटकसर करू नये. रविवारी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर मोकळी धावणारी गाडी पेटीशिवायही खूश असते. पेटीचा खरा उपकार रोजच्या रांगेत जाणवतो.

बसवण्याची जागा कोरडी आणि वारा लागणारी हवी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ पेटी तापते, तर चाकाच्या कमानीत पावसाचे पाणी उडते. बहुतेक वेळा बॅटरीच्या बाजूचा आतला पत्रा सोयीचा पडतो. तिथे ती रबरी बुशांवर बसवावी. एमएसडीची जोडणी अशी : जाड लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसला, जाड काळी मायनसला, बारीक लाल चावीनंतर करंट येतो तिथे, नारिंगी कॉइलच्या प्लसला, बारीक काळी कॉइलच्या मायनसला आणि पांढरी पॉइंटला. पॉइंटऐवजी मॅग्नेटिक पिकअप (चुंबकाने इशारा देणारा सेन्सर) असेल तर पांढरी मोकळी ठेवून जांभळी व हिरवी वापरतात. नारिंगी आणि बारीक काळी वायर सोडून कॉइलवर दुसरे काहीही जोडायचे नाही. पॉइंटला जोडलेला जुना कंडेन्सर (छोटी गोल डबी) काढून ठेवायचा. इंजिन चालू असताना या दोन वायरींना हात किंवा टेस्ट लॅम्प लावू नये, तिथला झटका जिवावर बेतू शकतो.

बसवलेली पेटी त्रास देते तेव्हा दोष बहुधा अर्थिंगचा (बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीचा) निघतो. खाडीकाठच्या हवेत बॅटरीची पट्टी, बॉडीचा नट आणि इंजिनाची अर्थ वायर गंजतात. पत्रा चकचकीत घासून, नवे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवल्याशिवाय वायरमनने पुढे जाऊच नये. प्लगच्या वायरी तांब्याच्या सरळ तारेच्या नकोत. त्यांतून उठणारा विद्युत गोंगाट पेटीलाच गोंधळात टाकतो, म्हणून स्पायरल कोअरच्या (आत वेटोळ्याची तार असलेल्या) वायरी घ्याव्यात.

इंग्रजी गाड्यांत आणखी एक खाच आहे. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. नेहमीची पेटी मायनस अर्थसाठी (मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी) असते आणि उलटी जोडली की ती जळते. तेव्हा आधी बॅटरी उलटवून बसवणे, डायनामो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) नव्या दिशेने चार्ज करून घेणे आणि कॉइलच्या वायरींची अदलाबदल करणे ही कामे येतात. त्याच काळातला स्मिथ्सचा आर.पी.एम. काटा कॉइलच्या करंटवर चालतो. पेटी लावल्यावर तो थांबतो किंवा भलतेच आकडे दाखवतो. त्याला अडॅप्टर लावावा लागतो किंवा आतले सर्किट बदलून घ्यावे लागते. डायनामोची ताकदही बेताची असते. पेटी हजार आर.पी.एम.मागे साधारण एक अँपिअर खाते, शिवाय पावसात हेडलाइट आणि वायपर चालू असतात.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुन्हा टायमिंग लाइटने तपासावे लागते. लिमिटर असलेली पेटी सहसा आठ सिलिंडरसाठी लावून येते, ती आपल्या इंजिनाप्रमाणे बदलून घ्यावी. कॉम्प्रेशन उतरलेले किंवा व्हॉल्व्ह जळलेले इंजिन मात्र कोणत्याही पेटीने सुधारत नाही. ते आधी दुरुस्त करावे.

कायद्याच्या अंगाने पाहता, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या नोंदीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना अटकाव करते. पेटीमुळे इंजिन क्रमांक, इंधन किंवा आसनसंख्या बदलत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. म्हणून पेटीसाठी पत्र्याला नवी भोके पाडू नयेत आणि मूळ वायरिंग कापू नये. जुना कंडेन्सर आणि दोन वायरी डिकीत ठेवाव्यात. पेटी वाटेत बंद पडली तर चावीची वायर कॉइलच्या प्लसला, पॉइंटची वायर मायनसला आणि कंडेन्सर जागेवर लावला की गाडी पुन्हा पॉइंटवर चालू होते.