पाण्याचा ताळेबंद (गावपातळीवरील)

गावाच्या शिवारात यंदा किती पाणी पडले, त्यातले किती हाती उरले आणि ते कशाला किती द्यायचे, याचा पावसाळा सरताना मांडलेला हिशेब म्हणजे पाण्याचा ताळेबंद. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात तो प्रामुख्याने भूजलावर चालणाऱ्या गावांत करतात. कालव्याच्या गावात आवर्तन (कालव्याला सोडलेल्या पाण्याची पाळी) किती मिळणार हे बाहेर ठरते. विहिरींच्या गावात ते गावानेच ठरवायचे असते, आणि कोणी ठरवले नाही तर ज्याचा पंप मोठा तो ठरवतो.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हा हिशेब अधिकच निकडीचा आहे. इथे पाणी मुरमात, मांजऱ्यात (बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या बेसॉल्टमध्ये) आणि भेगाळलेल्या थरात साठते. खालच्या अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ नाही. गाळाच्या मैदानांसारखा खोल साठा नसल्याने विहिरींना बहुतांशी चालू पावसाळ्यातले पाणीच पुरवायचे असते. शेजारशेजारच्या विहिरी एकाच थरातून पितात. चारशे फुटांचे बोअर पाडणाऱ्याला नवे पाणी सापडले असे वाटते, पण पुष्कळदा भेगांवाटे वरच्या विहिरींचेच पाणी खाली उतरत असते.

हिशेबाचे एकक सहस्र घनमीटर (सघमी), म्हणजे दहा लाख लिटर. पाया एवढाच: 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस पडला की 10 घनमीटर, म्हणजे 10 हजार लिटर पाणी होते. पाऊस गावातल्याच पर्जन्यमापकावर, रोज सकाळी साडेआठला नोंदलेला हवा. तालुक्याचा आकडा किंवा मागील वर्षांची सरासरी घेतली की ताळेबंद पहिल्या ओळीतच चुकतो, कारण दुष्काळी भागात दोन शेजारच्या गावांतही पाऊस वेगळा पडतो.

उदाहरणादाखल 1,000 हेक्टरचे, फारसा डोंगर नसलेले गाव आणि 500 मिमी पाऊस घेऊ. एकूण पाणी 5,000 सघमी. हा आकडा पाहून लोक सुखावतात आणि फसतात, कारण त्यातला मोठा वाटा हवेत परत जातो किंवा खरिपाची पिके पितात, आणि काही ओढ्याने वाहून जातो. कुजलेल्या बेसॉल्टमध्ये भूजलात मुरणारा वाटा साधारण 7 टक्के धरतात, म्हणजे 350 सघमी. त्यातलेही जवळपास दशांश पाणी झऱ्यांवाटे ओढ्यात निघून जाते, उरले 315. तलाव-बंधाऱ्यांतून थेट उचलता येणारे पाणी 60 सघमी असेल तर जमेची बाजू 375 सघमी झाली. 20 टक्क्यांहून जास्त उताराचा डोंगर शिवारात असल्यास तेवढे क्षेत्र पुनर्भरणातून, म्हणजे पाणी मुरण्याच्या हिशेबातून, वगळतात.

बंधाऱ्याचा साठा मोजताना लांबी, रुंदी आणि भिंतीजवळची खोली यांचा सरळ गुणाकार करू नये. पाणी भिंतीपाशी खोल आणि मागे उथळ असते, काठही उतरते असतात. म्हणून गुणाकाराचे निम्मे, कधी एक तृतीयांशच धरावे. गाळाची जाडी आधी वजा करावी. उघड्या पाण्यातून ऑक्टोबर ते मे या काळात मीटरभर किंवा त्याहून अधिक बाष्पीभवन होते, तेही काढावे.

खर्चाच्या बाजूला माणसे आणि जनावरे सगळ्यांत आधी. 1,500 लोकांना जलजीवन मिशनच्या दरडोई रोजच्या 55 लिटरने वर्षाला सुमारे 30 सघमी लागतात. 600 मोठी जनावरे 40 लिटरने आणि 800 शेळ्या-मेंढ्या 8 लिटरने धरल्या, तर आणखी 11. (दुभती संकरित गाय 40 लिटरवर भागत नाही, दूधधंद्याच्या गावात तिचा आकडा वेगळा लावावा.) पाऊस लांबला तर हाताशी असावेत म्हणून 34 सघमी राखून ठेवू. शेतीला उरले 300.

खरे काम इथून सुरू होते. मोकाट पाणी दिल्यास हरभऱ्याच्या दोन पाळ्यांना हेक्टरी सुमारे दीड हजार घनमीटर लागतात, गव्हाला चार हजार, उन्हाळ्याकडे सरकणाऱ्या कांद्याला सहा हजारांच्या आसपास, सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाला 20 ते 25 हजार. म्हणजे 300 सघमी पाण्यात 200 हेक्टर हरभरा होतो किंवा 75 हेक्टर गहू, पण ऊस जेमतेम 12 ते 15 हेक्टर. समजा, घरोघर विचारल्यावर 60 हेक्टर गहू, 30 हेक्टर कांदा आणि 80 हेक्टर हरभऱ्याची मागणी आली: 240, 180 आणि 120 मिळून 540 सघमी. तूट 240. गहू 20 आणि कांदा 15 हेक्टरवर आणला तर बेरीज 290 होते आणि हरभऱ्याला हात लावावा लागत नाही. कोणाचा गहू कमी करायचा, हे गणित सांगत नाही. ते ग्रामसभेत, फळ्यावर आकडे लिहून ठरते, आणि तेही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. कांद्याचे रोप टाकून झाले, बियाणे घरात आले, की मग नाही म्हणणे फार जड जाते.

सर्वांत नेहमीची चूक दुहेरी मोजणीची. पाझर तलाव मुरण्यासाठीच असतो. त्याचा साठा तलावात एकदा आणि त्याखालच्या विहिरींत पुन्हा धरला की नसलेले पाणी कागदावर दिसू लागते. दुसरी चूक वाहून जाणारे सगळे पाणी आपल्या खात्यात धरण्याची. तो ओढा खालच्या गावाच्या जमेत असतो, हे विसरता कामा नये. तिसरी ठिबकची: ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर तेच पीक आणखी दोन एकर वाढवले, तर उपसा होता तेवढाच राहतो.

पडताळणी विहिरींवरून होते. विखुरलेल्या दहा-बारा विहिरी निवडून त्यांची पातळी टेपने मोजतात. पंप आदल्या रात्रीपासून बंद हवा, नाहीतर उपशाने खचलेली पातळीच नोंदली जाते. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. गावाने तेच महिने पाळले तर तुलना सोपी जाते. बेसॉल्टमधून घनफळाच्या सुमारे 2 टक्केच पाणी सुटते. त्यामुळे 1,000 हेक्टरवर पातळी सरासरी 1 मीटर उतरली म्हणजे 200 सघमी पाणी गेले. जानेवारीत ही घट ठरलेल्या वापरापेक्षा जास्त दिसली, तर कुठेतरी न सांगता उपसा चालू आहे किंवा पुनर्भरणाचा वाटा जास्त धरला गेला आहे.

हिवरे बाजार (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथे 2004पासून दरवर्षी ताळेबंद मांडून त्यावर पिके ठरवतात. ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअर यांना तिथे बंदी आहे. त्याआधी, 1972च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनांनाही हक्क आणि उसाला मनाई असे नियम घातले. पाणी जमिनीमागे नव्हे, माणसामागे वाटायचे, हा विचार या हिशेबाला तिथून मिळाला. तो मागे पडला आहे आणि हे नुकसान मोठे आहे.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे. डिसेंबर 2019मध्ये सात राज्यांत सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षा आराखड्यासाठी ताळेबंद आवश्यक ठरला.

एक अडचण मात्र गावाला एकट्याने सोडवता येत नाही. खडकातला पाण्याचा थर गावाच्या शिवेवर थांबत नाही. एका गावाने ऊस बंद केला आणि शिवेपलीकडे नवी बोअर झाली, तर पातळी दोन्हीकडे उतरते. अशा ठिकाणी एका ओढ्यावरच्या तीन-चार गावांनी एकाच दिवशी विहिरी मोजून एकत्र ताळेबंद मांडावा लागतो.