बदलत्या ओळींचा वेब फॉर्म

किती ओळी भरल्या जातील हे आधी ठरलेले नसते, अशा वेब फॉर्मला बदलत्या ओळींचा फॉर्म म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हळदीची आवक नोंदवताना एका शेतकऱ्याची दोनच वक्कलं (मालाचे वेगवेगळे ढीग) असतात, तर दुसऱ्याची वीस. ‘ओळ वाढवा’ बटण दाबले की जावास्क्रिप्ट नवी ओळ घालते. सर्व्हरला मात्र ओळी दिसत नाहीत. त्याच्या हाती रकान्याचे नाव आणि त्यातली नोंद अशा जोड्यांची एकसलग यादी येते. तिच्यातून पुन्हा ओळी जुळवणे हे फ्रेमवर्कचे, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार सांगाड्याचे काम.

जुळणी नावावरून होते. पीएचपी या सर्व्हरवरच्या प्रोग्रामिंग भाषेत नावाला चौकटी कंस जोडतात. जँगो या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कच्या फॉर्मसेटमध्ये, म्हणजे एकसारख्या ओळींच्या संचात, नावातच ओळीचा क्रमांक असतो, शिवाय एकूण ओळींचा आकडा लपवलेल्या रकान्यात जातो. ओळ वाढली आणि तो आकडा वाढवायचा राहिला, तर नवी ओळ वाचलीच जात नाही, आणि तक्रारही येत नाही.

सर्वांत घातक चूक चेकबॉक्सची. खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. समजा तीन वक्कलं आहेत आणि ‘ओलसर’ची खूण फक्त तिसऱ्यावर आहे. नावापुढे रिकामा कंस असेल, तर सर्व्हरला वजने तीन मिळतात, खूण एकच, आणि ती पहिल्या जागी बसते. कोरडे, खणखणीत हळकुंड पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, ओलसर ठरते. म्हणून कंसात क्रमांक लिहावाच.

हा क्रमांक म्हणजे वक्कलाची ओळख नव्हे. मधली ओळ काढली की तो बदलू शकतो. जुनी पट्टी दुरुस्त करताना डेटाबेसमधला वक्कलाचा आयडी (कायमचा ओळखक्रमांक) सोबत पाठवावा लागतो, आणि तो त्याच पट्टीतला आहे हे सर्व्हरने तपासावे लागते. रेल्स या फ्रेमवर्कने २०१३च्या चौथ्या आवृत्तीपासून कोणते रकाने स्वीकारायचे याची यादी प्रोग्रामरकडूनच मागायला सुरुवात केली. ती चांगली शिस्त आहे.

सेटिंग बदलले नसेल तर पीएचपी १००० नोंदींपुढचे सारे गाळते. वीस वक्कलांना याची झळ नाही, हंगामाची अख्खी वही एकाच पानावर भरणाऱ्याला आहे.

देवनागरी आकड्यांचाही प्रश्न असतो. ‘४५’ हा मजकूर पूर्णांकात बदलताना पायथन तो बरोबर वाचते, पीएचपी मात्र शून्य धरते. वजन तपासण्याआधी आकडे बदलून घ्यावेत.